इंजिनखालचा कागद

लांबच्या प्रवासाला निघायचं ठरलं की आधीचे आठ-दहा दिवस मी रोज रात्री मोटारसायकल मधल्या स्टँडवर चढवतो आणि इंजिनखाली त्या दिवशीचा पेपर पसरतो. घडी पूर्ण उघडून, दोन चाकांमधली सगळी जागा झाकेल असा. वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर फरशीचे तुकडे ठेवतो. सकाळी चहाच्या आधी कागद अलगद ओढून घ्यायचा आणि उजेडात धरून बघायचा. बहुतेक वेळा त्यावर काहीच नसतं. तरी बघतो, कारण आज काही नव्हतं हेही मला माहीत असायला हवं.

पुठ्ठा का नाही टाकत, असं शेजाऱ्यांनी एकदा विचारलं होतं. पुठ्ठाही चालतो. पण पेपरावर तारीख छापलेली असते. डाग पडला की मी त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढतो, शेजारी मीटरवरचे किलोमीटर लिहितो आणि कागदाची घडी कोनाड्यातल्या गठ्ठ्यावर ठेवतो. पंधरा-सोळा वर्षांचा गठ्ठा आहे तो. आजचा थेंब मागच्या महिन्यातल्या थेंबाएवढाच आहे की वाढलाय, त्याच जागी आहे की सरकलाय, हे त्याच्याखेरीज मला कोणी सांगू शकत नाही.

थेंबांची ओळख व्हायला वेळ लागतो. इंजिन ऑईल कागदात सावकाश पसरतं. मध्ये काळपट ठिपका, भोवती पिवळसर वलय, आणि तेवढ्या भागातून मागच्या पानावरची अक्षरं उलटी दिसू लागतात. पेट्रोलचं तसं नसतं. ते सकाळपर्यंत थांबतच नाही. कागद तेवढ्यापुरता सुरकुततो, शाई किंचित फुटते आणि नाकाला कळतं. सायलेन्सरच्या तळाच्या बारीक भोकातून कधी काजळीचं पाणी पडतं. ते बघून पहिल्यांदा छातीत धस्स होतं, पण ते नुसतं आत साचलेलं बाष्प. ब्रेक ऑईल सगळ्यांत फसवं. रंगाने जवळजवळ पाणी, बोटाला बुळबुळीत, आणि नळाखाली बोट धरलं की साबणाशिवाय निघून जाणारं. खरं ऑईल असं कधी निघत नाही. माझ्या मित्राच्या गाडीला रेडिएटर आहे, तिच्याखाली एकदा हिरवट, गोडसर वासाचा थेंब मिळाला. कूलंटचा तो थेंब दिसताक्षणी पुसून फरशी धुवायची, कारण मांजराने तो चाटला तर ते मरतं.

मराठीत पाण्यासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे सगळे या कामात उपयोगी पडतात. ओल धरणं, पाझरणं, झिरपणं, ठिबकणं, गळणं, वाहणं. हे एकाच गोष्टीचे सहा शब्द नाहीत, या सहा वेगळ्या अवस्था आहेत आणि प्रत्येकीत करायचं काम वेगळं आहे. सिलिंडरच्या पॅकिंगला नुसती ओल धरली असेल तर पुसायचं, दोनशे किलोमीटर चालवायचं आणि पुन्हा बघायचं. पाझर असेल तर जागा शोधायची. ठिबकत असेल तर प्रवास पुढे ढकलायचा. गॅरेजमध्ये गेल्यावर ‘गाडी लीक आहे’ असं म्हणणारा माणूस या सगळ्या पायऱ्या एकाच शब्दात बुडवतो. मग समोरचाही भीतीपोटी अख्खं इंजिन उघडतो.

शिवाय थेंब जिथे पडला तिथूनच तो निघाला असं नसतं. ऑईल इंजिनच्या अंगावरून खाली उतरतं, वाटेत एखादी कड सापडली तर तिच्या आधाराने आडवं जातं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि शेवटी सगळ्यांत खालच्या बोल्टच्या डोक्यावर येऊन टपकतं. तो बोल्ट बिचारा निर्दोष असतो. अशा वेळी मी केसिंग रॉकेलने स्वच्छ धुतो, कोरडं करतो आणि त्यावर अंगाला लावायची पावडर शिंपडतो. इंजिन दहा मिनिटं चालवलं की पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ उमटते. रेघ धरून वर वर जायचं. जिथे ती सुरू होते तिथे मुळाशी पोचलो.

हे सगळं मला अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिकवलेलं नाही. अप्पांनी आयुष्यात मोटारसायकल चालवली नाही. पण मशिनकडे कसं बघायचं हे त्यांच्याकडूनच आलं.

अप्पा मिरज जंक्शनवर कॅरेज आणि वॅगनच्या खात्यात होते. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज अशा तिन्ही रुंदींचे रूळ मिरजेत एकत्र यायचे तेव्हाची गोष्ट. गाडी फलाटाला लागली की अप्पा लांब दांड्याची हातोडी घेऊन पलीकडच्या बाजूने निघायचे आणि प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचे. धड चाक घंटेसारखं वाजतं. तडा गेलेलं चाक वाजत नाही, बोदा आवाज देऊन गप्प बसतं. ठोका दिल्यावर अप्पा एक्सल बॉक्सला हात लावायचे, तोही उलटा. तळहाताची कातडी काम करून राठ झालेली असते, तिला उष्णता उशिरा कळते. हाताची मागची बाजू खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे. शाळा सुटल्यावर डबा द्यायला गेलो की मी त्यांच्या मागे मागे त्या खडीतून चालायचो. ठणठण असा एक सलग आवाज डोक्यात बसायचा, आणि मला वाटायचं की हे फारच कंटाळवाणं काम आहे, शेकडो चाकं आणि सगळी सारखीच वाजणारी.

एकदा मी विचारलं, “अप्पा, रोज तर सगळी चांगलीच असतात. मग कशाला वाजवायची?”

“चांगलं कसं वाजतंय ते कानात राहायला पाहिजे की,” ते म्हणाले. “न्हाईतर वाईट कसं कळणार?”

त्या उत्तराची किंमत मला पस्तिशी ओलांडल्यावर कळली, करूळ घाटात.

२००९ सालचा जुलै. मिरजेहून कोल्हापूर, गगनबावडा आणि तिथून घाट उतरून वैभववाडी असा बेत होता. त्याच्या पंधरा दिवस आधी टाकीच्या पुढच्या उजव्या खांद्यावर रंग फुगलेला दिसला होता. दोन-तीन फोड, नखाने दाबले तर मऊ लागणारे. मला वाटलं रंगच हलका असेल. पुसून टाकलं, दोनदा पुसलं. टाकीच्या वर उजव्या हँडलला पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर असतो आणि ब्रेक ऑईल रंग खातं, हे दोन्ही मला माहीत होतं. माहीत असलेल्या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत, एवढंच. मास्टर सिलिंडरला जिथे पाईप येऊन मिळतो तिथे एक पोकळ बोल्ट असतो. पाईपच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या दोन वायसर असतात. महिन्यापूर्वी मीच पाईप बदलला होता आणि वायसर मात्र जुन्याच बसवल्या होत्या. एकदा दाबलं गेलेलं तांबं कडक होतं. पुन्हा दाबलं तरी ते पृष्ठभागाशी नीट मिळत नाही. त्या फटीतून दिवसाला थेंबभर ऑईल टाकीवर उतरत होतं.

गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. घाटातल्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर कणकेत बोट शिरावं तसा आत गेला आणि थेट मुठीला टेकला. गाडीचा वेग कमी झालाच नाही. मी दुसरा गिअर टाकला, मागचा ब्रेक जपून दाबत राहिलो आणि डोंगराच्या बाजूला गटाराच्या कडेला कसाबसा थांबलो. डाव्या बाजूला धुकं होतं. त्याच्या खाली काय आहे ते दिसत नव्हतं आणि मला बघायचंही नव्हतं. बराच वेळ हात थरथरत होते.

पुढचे सगळे किलोमीटर दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. वैभववाडीत एका छोट्या गॅरेजमध्ये वयस्कर मेकॅनिक भेटले. नवीन वायसर त्यांच्याकडे नव्हत्या. त्यांनी माझ्याच त्या दोन जुन्या वायसर तारेत ओवल्या, गॅसच्या जाळावर लालबुंद केल्या आणि पाण्यात टाकल्या. चर्र आवाज आला. मी म्हणालो, “दादा, पाण्यात टाकल्यावर अजून कडक नाही का होणार?” त्यांनी मान हलवली. लोखंडाचं तसं होतं, पोलाद तापवून विझवलं की कडक होतं. तांबं तापवलं की मऊ होतं, मग ते पाण्यात टाका नाहीतर तसंच राहू द्या. त्यांनी घासून काजळी काढली, वायसर बसवल्या, नवं ऑईल भरून पाईपमधली हवा काढली. मग लिव्हर मला दाबायला लावला. तो घट्ट, खणखणीत लागला. पैसे फार घेतले नाहीत. जाताना मात्र त्यांनी टाकीवरच्या फोडांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर अप्पांना सांगितलं. ते खाटेवर बसले होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “रंग कधी फुगलेला दिसला म्हणालास?”

“पंधरा दिवस झाले असतील.”

“मग पंधरा दिवस काय पुसत होतास रे?”

कागदाची सवय तेव्हापासूनची. पण त्या घटनेत कागद असता तरी कोरडाच राहिला असता, कारण ऑईल जमिनीपर्यंत पोचतच नव्हतं, टाकीच ते पीत होती. म्हणून कागद झाल्यावर गाडीभोवती एक फेरी असते, उजव्या हाताला गाडी ठेवून, देवळात घालतो तशीच. इंजिन थंड असताना, सकाळचा तिरपा उजेड असताना. डोळ्यांनी एकदा आणि हातांनी एकदा. हँडलखालचा पाईप बोटांनी चाचपायचा. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर ऑईलचं कडं दिसतंय का ते बघायचं. तिथे चिखल किंवा किडे वाळून बसले की सील उचललं जातं आणि ऑईल वर येतं. दर वेळी सील बदलावं लागतंच असं नाही. आईच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेची एक अरुंद पट्टी मी कापून ठेवली आहे. ती सीलच्या ओठाखाली सरकवून गोल फिरवली की आतला कचरा बाहेर येतो आणि बऱ्याचदा गळती तिथेच थांबते.

मग बोल्ट.

माझी गाडी एका सिलिंडरची आहे. चार हजार फेऱ्यांवर चालताना इंजिन मिनिटाला चार हजार वेळा स्वतःला झटकतं. तासाला २,४०,००० झटके. सहा तासांच्या दिवसात १४,४०,०००. एवढं हादरल्यावर बोल्ट सैल होणारच, असं आपण म्हणतो आणि हादरे बोल्टला फिरवतात असं काहीसं चित्र डोळ्यांपुढे आणतो. खरं चित्र वेगळं आहे आणि ते मला फार सुंदर वाटतं. बोल्ट ही घट्ट बसलेली खिळी नाही, ती ताणलेली स्प्रिंग आहे. आवळताना आपण पोलादाला किंचित लांब करतो आणि ते आखडायला बघतं. त्या आखडण्यानेच दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. पान्याला आपण लावलेल्या जोरातला जवळजवळ नव्वद टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, उरलेल्या दहा टक्क्यांत हा ताण निर्माण होतो. १९६९ मध्ये गेरहार्ट युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं की बोल्टला सगळ्यांत लवकर सैल करतो तो लांबीच्या दिशेचा धक्का नव्हे, तर आडवा. जोडलेले दोन भाग एकमेकांवरून बाजूला इवलेसे घसरले की त्या क्षणापुरतं आट्यांमधलं घर्षण जणू नाहीसं होतं. आटे म्हणजे शेवटी दांडीभोवती गुंडाळलेला उतारच. धरणारं कोणी नसेल तर बोल्ट त्या उतारावरून स्वतःच्या ताणाने केसभर खाली येतो. पुन्हा घसरला, पुन्हा केसभर.

म्हणजे सैल होणं बाहेरून लादलेलं नसतं. ताण पुरेसा असेल तर भाग घसरतच नाहीत, आणि घसरले नाहीत तर कितीही हादरा बसू दे, बोल्ट जागचा हलत नाही. आपल्याकडे ज्याच्यावर पिढ्यान् पिढ्या भरवसा ठेवला त्या स्प्रिंग वायसरने या आडव्या हादऱ्यात फारसा फरक पडत नाही, हेही अशाच चाचण्यांत दिसलं. हे वाचून मला थोडं वाईट वाटलं होतं. किती कौतुकाने त्या लावत आलो होतो.

यातून एक गोष्ट मी स्वतःला कष्टाने शिकवली. तपासणं म्हणजे आवळणं नव्हे. प्रवासाच्या आदल्या दिवशी पाना घेऊन दिसेल तो बोल्ट अजून एक पीळ देत सुटणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या हातात कळकळच असते. पण इंजिनचं केसिंग ॲल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट पोलादी. दहाचा पाना लागतो त्या सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे दहा सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे दहा किलोचा जोर. माणसाच्या मनगटात याच्या कितीतरी पट ताकद असते. दर रविवारी थोडं थोडं करत पाचव्या रविवारी पाना अचानक हलका होतो. हाताला ते लोण्यासारखं लागतं. आटे गेलेले असतात. ऑईलच्या ड्रेन बोल्टचं असं झालं की काल जिथे गळती नव्हती तिथे ती आपणच आणलेली असते.

म्हणून मी बोल्टना आवळत नाही, त्यांना रेघ ओढतो. एकदा टॉर्क पान्याने नेमका ताण दिला की लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर. बाटली बायकोची, तिने आता ती माझ्याच नावावर केली आहे. इंजिनचे माउंटिंग, ब्रेकचे कॅलिपर, चिमट्याचा एक्सल, सायलेन्सरचा पट्टा, मागचं कॅरियर, प्रत्येकाला रेघ. सकाळच्या फेरीत फक्त बघायचं. रेघ सलग असेल तर हात लावायचा नाही. तुटलेली असेल, डोक्यावरचा अर्धा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे, तरच पाना बाहेर काढायचा. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडू बांधताना बायको हँडलवर हळदकुंकू वाहते, तेव्हा तिचं बोट माझ्या रेघांवरून जातं आणि दोन्ही लाल रंग शेजारी शेजारी दिसतात. गाडी धुण्याचा दिवस मला वर्षातला सगळ्यांत मोठा तपासणीचा दिवस वाटतो. फडकं फिरवताना एकही इंच सुटत नाही.

चाकाच्या तारा मात्र डोळ्यांना कळत नाहीत. त्या ऐकाव्या लागतात, आणि त्यासाठी मिरजेसारखं गाव नाही.

सतारमेकर गल्लीतून जाताना कुठल्या ना कुठल्या दुकानात कोणीतरी तंबोऱ्याला कान लावून बसलेलं असतं. भोपळा मांडीवर, एक बोट तारेवर, डोळे मिटलेले. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या गल्लीतलं हे ऐकणं दीडशे वर्षांहून जुनं आहे. स्टेशनात अप्पांची हातोडी आणि गल्लीत खुंटी पिळणारे हात, एकाच गावात दोन तऱ्हांचे कान वाढले. माझ्या मागच्या चाकाला छत्तीस तारा आहेत. रिम आणि मधला हब यांच्यामध्ये त्या ताणून बसवलेल्या असतात. गाडीचं, माझं आणि सामानाचं वजन त्या ताणावरच तोललेलं असतं. एकीचा ताण उतरला की शेजारणींवर भार जातो, त्या थकतात, मग रिम वाकतं आणि आपण म्हणतो चाक आउट झालं. लहान पाना हळूच प्रत्येकीवर टेकवत चाक फिरवायचं. टिंग, टिंग, टिंग. सूर अगदी एकसारखा नसतो, डाव्या बाजूच्या आणि उजव्या बाजूच्या तारांत थोडा फरक असतोच. पण सैल तार लपत नाही. टिंगच्या रांगेत एकच थप्प.

अप्पा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. रेल्वेतल्या वर्षांनी त्यांचे कान बरेच नेले. २०२२ च्या जुलैमध्ये आम्ही दोघं मित्र स्पितीला निघालो त्याच्या आदल्या संध्याकाळी ते अंगणात आले आणि खुर्ची चाकाशेजारी ओढून बसले. माझ्या हातातला पाना मागून घेतला. उजव्या हाताने तारेवर ठोका द्यायचा आणि डाव्या हाताचं पहिलं बोट त्याच तारेवर हलकं टेकवायचं, असं त्यांनी सुरू केलं. ऐकू येत नाही ते बोटाने घेत होते. ठोका, बोट, चाक पुढे. मी काही बोललो नाही. विसाव्या की एकविसाव्या तारेपाशी ते थांबले, पुन्हा ठोका दिला, बोट थोडं जास्त वेळ ठेवलं.

“ही बघ.”

मी वाजवून पाहिली. मला ती चांगली वाटली. पुन्हा वाजवली, शेजारचीशी ताडून पाहिली, तेव्हा कुठे फरक कळला. तारेच्या टोकाचं निपल पाव फेरा फिरवलं.

मनालीच्या पुढे ग्रांफूला लेहचा रस्ता सोडून चंद्रा नदीच्या काठाने आत शिरलं की बातलपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर रस्ता म्हणजे तेव्हा बहुतांश गोल दगडांची नदीच होती. दुपार चढली की वरचं बर्फ वितळतं आणि नाले रस्त्यावरून वाहू लागतात, म्हणून पहाटे निघालो होतो. छत्रू गाठेपर्यंत मनगटं बधिर झाली. प्रत्येक दगडावर गाडीच्या अंगातून एक आवाज येतो. पहिला तासभर मी प्रत्येक आवाजाला दचकत होतो, नंतर त्यांची एक ओळखीची गर्दी झाली. छत्रूच्या पुढे त्या गर्दीत एक नवा आला. बारीक, कोरडा, डाव्या मांडीच्या मागून येणारा. मित्राला हाक मारून थांबवलं. मागच्या कॅरियरच्या खालच्या बोल्टची रेघ तुटली होती, साधारण पाव फेरा. सामान काढलं, बोल्ट पूर्ण बाहेर काढला, आटे पुसले, थ्रेडलॉकरचा थेंब लावला आणि पुन्हा बसवला. वीस मिनिटं गेली. मित्र दगडावर बसून नदीकडे बघत होता. त्याने घाई केली नाही, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

बातलला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दगडी ढाबा, समोर पूल, वर साडेचार हजार मीटरपेक्षा उंच कुंझुम खिंड. सुमारे चार हजार मीटर उंचीवर डोकं जड झालं होतं. जेवण करून तिथेच मुक्काम केला. रात्री गाडीखाली टाकायला पेपर नव्हता. त्या खडीत थेंब पडला तर दगडच तो पिऊन टाकणार आणि सकाळी काही कळणार नाही, म्हणून ढाब्याच्या ताईंकडे रिकामं खोकं मागितलं. त्यांनी नूडल्सचा खोका दिला. तो उसवून आतली कोरी बाजू वर करून इंजिनखाली सरकवला आणि चार दगड ठेवले.

सकाळी पुठ्ठ्यावर एक थेंब होता. तांबूस, जाड, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. जमीन उतरती होती आणि गाडी बाजूच्या स्टँडवर कलती होती, त्यामुळे तो इंजिनच्या खालचा की त्याच्या मागचा, ते ठरवता येईना. केसिंग चाचपलं, कोरडं. ड्रेन बोल्टची रेघ सलग. डिपस्टिकवर ऑईल होतं तेवढंच. काचेसारख्या थंडीत बोटं वाकत नव्हती. मी थेंबाभोवती गोल काढला, किलोमीटर लिहिले. पुठ्ठ्यावर तारीख नव्हती, म्हणून हाताने घातली, आणि शेजारी प्रश्नचिन्ह केलं. काझाला, तिथून परत मनालीला, प्रत्येक मुक्कामी पुन्हा पाहिलं. थेंब परत आला नाही.

तीन आठवड्यांनी घरी पोचल्यावर पुठ्ठा गठ्ठ्यात ठेवायला काढला. इतका प्रवास करून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. अप्पा समोरच बसले होते. काय आहे म्हणून त्यांनी हात पुढे केला. मी मोठ्याने, कानाजवळ जाऊन सगळं सांगितलं, कुठे पडला, काय काय तपासलं. त्यांनी अर्धंमुर्धं ऐकलं असेल. पुठ्ठा नाकाशी नेला, एकदा हुंगला, डागावर अंगठा घासून पुन्हा हुंगला.

“गंधकाचा वास येतोय,” ते म्हणाले. “नव्वद नंबर हाय. चेनला लावलंस ते.”

मी पुठ्ठा घेऊन हुंगला. जुन्या काड्यापेटीसारखा हलका, उग्र वास, अजून होता. छत्रूला चेनवर गिअर ऑईल सोडलं होतं, हे आठवलं. इंजिन ऑईलला असा वास येत नाही.

अप्पांनी खोडरबर मागितलं. मी आणून दिलं. थरथरत्या हाताने त्यांनी ते प्रश्नचिन्ह सावकाश खोडलं, पुठ्ठ्यावरची रबराची भुकटी फुंकली आणि पेन्सिलीने गोलाशेजारी ‘चेन’ असं लिहिलं.